पेपरात पोरीबद्दल चुकीची बातमी आली, आता जबाबदार कोण आणि आम्ही करायचं काय?

तळेबाजारचा मास्तर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा आणि ज्याला माहितीये त्याने सांगा.

मी देवगड तालुक्यात मंडळाच्या पोरींची कबड्डी बघतो. मास्तर म्हणतात म्हणून मास्तर, शाळेत नोकरीला नाहीये. मागच्या महिन्यात ओरोसला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, किशोरी गटाची जिल्हा निवड चाचणी होती. आमच्यातली एक पोर चढाईला एवढी चपळ की समोरची कोपरारक्षक तिला बघूनच अर्धं पाऊल मागे घेते. तिचं नाव इथे देत नाही, सोळाच्या आतली आहे आणि तसंही तिचं नाव आधीच नको तिथे जाऊन पोचलंय.

किशोरी गटाला वजनाची मर्यादा ५५ किलो. सकाळी काट्यावर उभी केली तर ५५ किलो ४०० ग्रॅम. मग काय, नीकॅप काढली, केसातल्या पिना काढल्या, कानातलं काढलं, दोन स्वेटर घालून मैदानाला पळवली, पाणी फक्त तोंडात फिरवून थुंकायचं. सगळीकडे हेच करतात, मला काही ते आवडतं अशातला भाग नाही. परत काटा, तरी १५० ग्रॅम जास्तच. निवड समितीने यादीत तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं, कारण काही लिहिलं नाही, आणि आम्ही वाद न घालता एसटी पकडून घरी आलो. आधीच्या दिवशी सराव सामन्यात तिने चांगले पॉइंट काढले होते, पण नियम तो नियम.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर बातमी. हेडिंगमध्येच 'वयचोरी'. खाली तिचं पूर्ण नाव, गाव, शाळा, आणि जन्मदाखल्यात खाडाखोड आढळल्याने अपात्र ठरवल्याचं 'सूत्रांकडून समजते'. आता मला सांगा, जन्मदाखला त्या दिवशी कोणी बघितलाच नव्हता हो, आधी वजन मगच कागद असा क्रम होता! मला फोन नाही, असोसिएशनच्या सेक्रेटरीला फोन नाही, घरच्यांना तर नाहीच नाही.

तिचा बाप कलमांच्या बागेत फवारणीला जातो, त्याला ती बातमी बागेच्या मालकाने वाचून दाखवली. दुपारपर्यंत लाल गोल मारलेलं कात्रण व्हॉट्सॲपवर गावभर आणि रात्रीपर्यंत मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर. परळहून तिच्या काकाचा फोन, घराण्याची लाज घालवलीत म्हणून. काकाने विचारलं पण नाही खरं काय ते. शाळेने दाखल्याची मूळ प्रत मागवली. पोर आठवडाभर सरावाला आली नाही.

मी पेपरच्या ऑफिसला तीन-चार फोन केले तेव्हा कुठे आठवड्याने एक दुरुस्ती आली, टेंडर नोटीस आणि 'हरवले आहे' च्या मधे, दोन ओळी, की अमुक तारखेच्या क्रीडा वृत्तात अनवधानाने चुकीचा उल्लेख झाला. कसला उल्लेख, कोणाबद्दल, काही नाही. ज्याने पहिली बातमी वाचली त्याला ही दिसली तरी कळणार नाही. आणि वेबसाइटवर जुनी बातमी जशीच्या तशी आहे.

माझे प्रश्न असे की यात जबाबदार नक्की कोण, वार्ताहर की संपादक की ज्याने सांगितलं तो? नीट दुरुस्ती मागायची पद्धत काय? आणि क्रीडा पत्रकारांना काही नियम असतात की नाही, की खेळाचीच बातमी आहे म्हणून काहीही चालतं?

अव्वल चढाई

सरळ वकील गाठा आणि ५० लाखांचा दावा ठोका. एकाला दणका बसला की बाकीचे आपोआप सरळ होतात. ही लोकं गोड बोलून ऐकणारी नाहीत.

शाईचा वास

मास्तर, मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या रत्नागिरी आवृत्तीत डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान लावतात तिथे, काढलीत, आता सोडलं, त्यामुळे मोकळेपणी लिहितो. आधी हे कसं झालं असेल ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पत्र कोणाच्या नावाने लिहायचं ते कळणार नाही.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन असतं ते एवढं की पेट्रोल सुटलं तरी नशीब, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. तो ओरोसला चाचणीला गेलेलाच नसणार. असोसिएशनच्या ग्रुपवर यादीचा फोटो आला, त्यात 'अपात्र' दिसलं, त्याने कोणाला तरी विचारलं "काय झालं रे", तो कोणीतरी म्हणाला "वयाची भानगड असेल". झालं, हे 'असेल' म्हणजे तुमचं सूत्र. मग संध्याकाळी पान लावायच्या गडबडीत डेस्कवरच्या पोराने त्याचं हेडिंग केलं. हेडिंग वार्ताहर देत नाही, डेस्क देतो, आणि डेस्कवरच्या त्या पोराकडे त्या रात्री तीन पानं असतात. ही सबब म्हणून सांगत नाहीये. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीचं नाव आणि फसवणुकीचा आरोप एका बातमीत येतोय म्हटल्यावर तिथेच हात थांबायला पाहिजे होता, एक फोन केला असता तर दहा मिनिटात उलगडा झाला असता. नाही लागला फोन, तर बातमी उद्या. निवड चाचणीची बातमी एक दिवस उशिरा गेली म्हणून कोणाचं आभाळ कोसळत नाही.

आता जबाबदारी. अंकाच्या शेवटच्या पानावर एकदम तळाला मुंगीएवढ्या अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, आणि बऱ्याच पेपरात 'पीआरबी कायद्यानुसार वृत्तनिवडीची जबाबदारी' अमक्याची असं लिहिलेलं असायचं (पीआरबी म्हणजे वृत्तपत्र नोंदणीचा जुना कायदा, आता त्याच्या जागी २०२३ चा नवा आलाय). तो माणूस जबाबदार. काही पेपर खाली असंही छापतात की प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. ते वाचून दबकू नका, ते लेखांसाठी ठीक, दाखल्यात खाडाखोड झाली हे मत नव्हे. वार्ताहराशी भांडत बसू नका, तो उद्या काम सोडेल आणि पेपर म्हणेल आमचा संबंध नाही.

तर पत्र संपादकाच्या नावाने. फोनचा काही उपयोग नाही, लेखी द्या. बातमीची तारीख, पान, कोणतं वाक्य चुकीचं, खरं काय, पुरावा काय, आणि दुरुस्ती कुठे आणि कशी पाहिजे ते स्पष्ट लिहा. असोसिएशनकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या की खेळाडू वजनामुळे अपात्र ठरली, वयाबद्दल कोणतीही तक्रार नाही. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा, तो मिळवायला कदाचित तुम्हाला चपला झिजवाव्या लागतील.

संपादकाने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल, पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी दिल्लीची संस्था. ही १९६६ पासून आहे, आत्ताची १९७८ च्या कायद्याखाली चालते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची, आधी संपादकाला लिहिलेलं पत्र आणि त्याचं उत्तर जोडायचं, मराठी कात्रणाचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. त्यांच्या आचारसंहितेत छापण्याआधी खातरजमा करा, ज्याच्याबद्दल छापता त्याला उत्तराची संधी द्या, चूक झाली तर ठळकपणे दुरुस्त करा, हे सगळं आहे. पण खोटी आशा दाखवत नाही, कौन्सिल दंड करू शकत नाही, तुरुंगात टाकू शकत नाही. समज देते, ताशेरे ओढते. म्हणून लोक तिला दात नसलेला वाघ म्हणतात. तरी सांगतो, जिल्हा आवृत्तीच्या संपादकाला दिल्लीहून पाकीट आलं की ऑफिसात दोन दिवस वातावरण बदलतं, हे मी डोळ्याने बघितलंय.

आणि अव्वल चढाई, तुमच्यासाठी. कौन्सिलकडे जाताना लिहून द्यावं लागतं की या विषयावर कोर्टात काही चालू नाहीये. म्हणजे आधी दावा ठोकलात तर हा रस्ता बंद. मास्तरांनी काय ते आधी ठरवावं.

वेबसाइटचं जरा गुंतागुंतीचं आहे. २०२१ च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यांसाठी तक्रार अधिकारी आणि तीन पायऱ्यांची व्यवस्था आणली होती, पण त्यातल्या आचारसंहितेच्या दोन उपनियमांना मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. त्यामुळे त्यावर विसंबू नका, त्याच पत्रात लिंकचा पत्ता देऊन बातमी बदला म्हणा. काढून टाका म्हणू नका हं, बदला आणि वर दुरुस्तीची नोंद टाका म्हणा. काढून टाकली की लोक म्हणतात दाबली.

आचऱ्याचो झिल

मास्तरानू, मी हसतंय म्हणान राग मानू नको. आमच्या गावात टेनिस बॉलची रात्रीची टुर्नामेंट होती मे महिन्यात, सगळे चाकरमानी इलेले. फायनल सुरू होवच्या आधी जो पावस पडलो, पीच खय आणि बाउंड्री खय ताच कळना नाय, लाइट गेली, जनरेटर पण बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बघतंय तर विजेतो संघ छापून इलेलो, मॅन ऑफ द मॅच सकट! आयोजकातल्या कोणीतरी संध्याकाळीच बातमी टाइप करून धाडलेली, नावां मागसून बदलूया म्हणान. ज्येका मॅन ऑफ द मॅच दिलेलो तो त्या टायमाक घराकडे वडे सागोती खाय होतो. तेना कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावल्यान हा.

पण तुमचा वायला, ता कळता. आमच्यात कोणाची अब्रू गेली नाय. बातमी मात्र आयोजक देता, पेपरवालो आसा तशी छापता आणि खालती 'प्रतिनिधी' लिहिता, ही पद्धत दोनीकडे एकच.

रत्नांग्रीकर

आचऱ्याच्या भावाने विनोदात सांगितलं ते मोठ्या पेपरांचं पण तसंच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रिकेटर हीथ स्ट्रीक गेला म्हणून बातमी आली. झिंबाब्वेचा त्याचा जुना जोडीदार हेन्री ओलोंगाने पोस्ट टाकली आणि जगभरच्या वेबसाइटींनी श्रद्धांजल्या लावल्या. थोड्या वेळाने स्ट्रीक स्वतःच म्हणाला मी जिवंत आहे. आजारी होता, पुढे ३ सप्टेंबरला खरंच गेला, पण त्या दिवशी स्वतःचे मृत्युलेख वाचायची पाळी आली त्याच्यावर. त्यातला किती जणांनी घरी फोन लावला असेल?

आपल्याकडचं घ्या, नोव्हेंबर २०२१, पैलवान निशा दहियाला सोनीपतला गोळ्या घालून मारलं अशी बातमी. मेली ती त्याच नावाची दुसरी मुलगी, ती पण कुस्ती खेळणारी. आणि जिचे फोटो सगळीकडे लावले ती २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेतून ब्राँझ घेऊन आलेली, राष्ट्रीय स्पर्धेसाठी गोंड्याला होती. तिला साक्षी मलिकच्या शेजारी बसून व्हिडिओ करावा लागला की मी ठीक आहे. यात मला सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू, जी खरंच मेली तिची बातमी 'ती ही नव्हे' एवढीच उरली.

दाव्याबद्दल. जिंकता येतो, नाही असं नाही. ललित मोदीने २०१० च्या जानेवारीत ट्विट टाकलं की न्यूझीलंडचा क्रिकेटर ख्रिस केर्न्स फिक्सिंगवाला आहे. लंडनच्या हायकोर्टाने २०१२ मध्ये केर्न्सला ९० हजार पौंड द्यायला लावले, आणि ते ट्विट इंग्लंडात वाचणारे साधारण ६५ जणच असतील असा हिशोब कोर्टासमोर होता. म्हणजे वाचणारे थोडेच होते म्हणून सुटका होत नाही. ख्रिस गेलवर ऑस्ट्रेलियातल्या फेअरफॅक्सच्या पेपरांनी जानेवारी २०१६ मध्ये ड्रेसिंग रूममधल्या गैरवर्तनाचं छापलं, ज्युरीने ऑक्टोबर २०१७ मध्ये पेपरच्या विरोधात कौल दिला आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात ३ लाख डॉलर भरपाई. आता आपला धोनी. २०१३ च्या आयपीएल बेटिंगमध्ये नाव गोवलं म्हणून २०१४ साली मद्रास हायकोर्टात १०० कोटींचा दावा. ऑगस्ट २०२५ मध्ये कुठे त्याची साक्ष नोंदवायला कमिशनर नेमला. धोनीची ही गत, तर फवारणीला जाणाऱ्या बापाने कुठे ओरोस-मुंबई करायचं? आणि दिवाणी दावा करायचा तर एका वर्षाच्या आत करावा लागतो, तेवढ्यात पोर दहावीला जाईल.

फौजदारी पण आहे म्हणा, बदनामीचं, पूर्वीचं दंड संहितेचं ४९९-५००, आता न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड. पण मला ते पटत नाही. का ते सांगतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग ड्रग्ज घेतो असं लिहिणारा डेव्हिड वॉल्श, संडे टाइम्सचा. आर्मस्ट्राँगने पेपरवर केस केली, २००६ मध्ये पेपरला ३ लाख पौंड मोजून मिटवावी लागली. आणि २०१२ मध्ये निघालं काय, वॉल्शच बरोबर होता, सातही टूर डी फ्रान्स काढून घेतल्या. मग पेपरने पैसे परत मिळवले ते सोडा, पण मधली वर्षं सगळे त्या पत्रकाराला खोटारडा म्हणत होते. आज आपण एका वार्ताहराला जेलात बघायचं म्हणतोय, उद्या आमदार चषकाच्या बक्षिसाच्या पैशाचं काय झालं हे विचारणाऱ्याला तेच कलम लावतील. आपल्याकडे असं विचारणारे आधीच किती आहेत?

वार्ताहर, नाव नको

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी दापोलीकडे बातम्या देतो, या प्रकरणाशी माझा संबंध नाही.

सगळे वार्ताहराला धरताय ते बरोबरच, खातरजमा त्याचं काम. पण ज्याने "वयाची भानगड" सांगितलं त्याचं कोणी नाव घेत नाही. कबड्डी म्हणा, क्रिकेट म्हणा, असोसिएशनमध्ये दोन गट असतात आणि दोन्ही गटांना आमचा नंबर पाठ असतो. एखाद्या मंडळाची पोर बाद झाली की दुसऱ्या मंडळाचा माणूस रात्री साडेआठला फोन करून कानात सांगतो, माझं नाव नको. आम्ही नाव द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला शब्द आहे, तो मी मोडत नाही. पण शब्द पाळायचा म्हणजे त्याचं सांगणं तसंच छापायचं असं कुठे आहे? तो काय म्हणतो ते ऐकायचं, आणि मग ज्याच्याबद्दल म्हणतो त्याला फोन करायचा. सूत्राने सांगितलं म्हणून बातमी होत नाही हो, सूत्राने सांगितलं म्हणजे चौकशी सुरू झाली.

अजून एक, कडू आहे पण लिहितो. याच असोसिएशनवाल्यांच्या विरोधात खरी बातमी दिली की ते स्पर्धेची जाहिरात काढून घेतात. आणि ती जाहिरात म्हणजे माझं तीन महिन्यांचं मानधन. त्यामुळे ज्यांच्याकडे जाहिरात आहे त्यांची चौकशी होत नाही, आणि ज्या पोरीकडे काही नाही तिची मात्र बिनचौकशीची बातमी होते.

रत्नांग्रीकर

@वार्ताहर, हे लाख बोललात. इंग्लंडातल्या हिल्सबरो मैदानाचं तसंच झालं होतं. १९८९ ला लिव्हरपूलच्या फुटबॉल मॅचला चेंगराचेंगरी झाली, एकूण ९७ माणसं गेली, आणि चार दिवसांनी 'द सन' या पेपरने पहिल्या पानावर छापलं की प्रेक्षकांनीच मेलेल्यांचे खिसे कापले. सांगणारे कोण, पोलीस. आणि पोलिसांना स्वतःची चूक झाकायची होती. पेपरची पहिल्या पानावरची माफी २०१२ ला आली, २३ वर्षांनी. लिव्हरपूलमध्ये अजून लोक तो पेपर घेत नाहीत. तर ज्याचा स्वतःचा हात अडकलाय त्याचं 'सूत्र' करायचं नाही, एवढं तरी पाळा.

अव्वल चढाई

बरं बाबा, दावा राहू दे. पण मग दणका द्यायचा कसा? पत्र लिहून कोण सुधारतं?

लोण चढवणारी

मी रोह्याची. जिल्ह्याकडून खेळलेय, आता लेकीला घेऊन मैदानावर जाते. सगळ्या पुरुष मंडळींनी कायदा छान सांगितला. पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही.

दुरुस्तीत तुम्ही काय छापायला सांगणार? की अमुक मुलगी वयामुळे नाही तर वजन १५० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं वजन, तिच्या नावानिशी, पेपरात! मास्तर, आमच्या वेळी काट्यावरून उतरले की पोरं वजन विचारून चिडवायची, मी दोन दिवस जेवायचे नाही. तुम्ही तिला स्वेटर घालून पळवलीत तेव्हा तिथे किती जण बघत होते ते आठवा. वयचोरीचा डाग जाईल पण शाळेत नवीन नाव पडेल.

उलट नाव न घालता दुरुस्ती केली तर ती आत्ता आली तशीच होते, कोणाला कळत नाही. आणि नाव घातलं की ज्यांनी पहिली बातमी वाचली नव्हती त्यांना पण कळतं. मला यातलं बरोबर कुठलं ते सांगता येत नाही. पण ते ठरवायचा हक्क तुमचा नाही, संपादकाचा नाही, काकाचा तर नाहीच. तिला विचारलंत का? आख्ख्या धाग्यात तिचा बाप आहे, काका आहे, बागेचा मालक आहे, ती काय म्हणते ते कुठेच नाहीये.

तळेबाजारचा मास्तर

ताई, खरं सांगतो, नव्हतं विचारलं. काल संध्याकाळी घरी गेलो. पडवीत बसून मी, तिचे आईवडील आणि ती. इथलं सगळं वाचून दाखवलं, धोनीचं ऐकून बाप म्हणाला नको रे बाबा कोर्ट.

तिला विचारलं तर आधी काही बोलेना. आईने "नको, विषय वाढवू नका, आणखी दोन महिन्यांनी लोक विसरतील" असं सुरू केलं. तेव्हा ती एकदम म्हणाली, विसरणार नाहीत, पुढच्या वर्षी निवडीला गेले की पहिलं हेच काढतील. नाव घाला म्हणते. वजनाचा आकडा नको, 'वजनगटात न बसल्याने' एवढंच लिहा. फोटो नको. आणि दुरुस्ती त्याच पानावर पाहिजे, क्रीडाच्या. आणि अजून एक अट, जी मला सुचली नसती, की आमच्या असोसिएशनच्या पत्रात सराव सामन्यातले तिचे पॉइंट पण येऊ देत. का तर म्हणे, मी वजनात बसले नाही, खेळात बसले होते, ते कोणी लिहिलंच नाही.

असोसिएशनचं पत्र अजून हातात नाही. सेक्रेटरी म्हणतात अध्यक्षांना विचारून सांगतो, अध्यक्ष म्हणतात सेक्रेटरीच बघतात. उद्या कणकवलीला गाठतो दोघांना एकत्र, तिथे लग्नाला येणारेत दोघंही.

शाईचा वास

उत्तम. लग्नात मांडवातच सही घ्या, लेटरहेड आणि शिक्का सोबत न्या, नाहीतर शिक्का ओरोसला आहे म्हणतील.

मसुदा असा करा. पहिल्या ओळीत तारीख, पान आणि हेडिंग. मग 'सदर वृत्तातील वयासंबंधीचा मजकूर पूर्णपणे चुकीचा आहे, खेळाडू वजनगटात न बसल्याने अपात्र ठरली', मग 'वृत्त देण्यापूर्वी खेळाडू, पालक, प्रशिक्षक किंवा असोसिएशन यांच्यापैकी कोणाशीही संपर्क साधण्यात आला नाही', हे वाक्य नक्की घाला, संपादकाला तेच टोचतं. मग तिच्या सगळ्या अटी जशाच्या तशा. मग लिंक. शेवटी एवढंच की पंधरा दिवसांत ठळक दुरुस्ती आली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाऊ. शिव्या नकोत, वार्ताहराचं नाव नको, 'तीव्र निषेध' वगैरे नको. जन्मदाखल्याची प्रत अजिबात जोडू नका. तुमच्याकडे मागायचा त्यांना अधिकार नाही, आणि एकदा दिलीत की ऑफिसात कुठे फिरेल सांगता येत नाही.

रजिस्टर पोस्ट करायला गेलात तर आता ती सेवा स्पीड पोस्टमध्ये घातलीय, पोच पाहिजे म्हणून काउंटरवर सांगा आणि पावती जपून ठेवा. दोन महिन्यांची मुदत बातमीच्या तारखेपासून मोजा, तुमचा एक महिना असाच गेलाय.

वार्ताहर, नाव नको

आणि मास्तर, तुमच्याकडच्या वार्ताहराला पण एक प्रत हातात द्या, भांडायला नको, नुसती द्या. त्याचा नंबर घ्या, तुमचा त्याला द्या. पुढच्या चाचणीला निकाल तुम्हीच पाठवा, कारणासकट.

आचऱ्याचो झिल

आणि कणकवलीच्या लग्नात जेवान कसा होता ता पण कळवा.